सर्वोत्तम ध्वनिमुद्रिका कोणती ?

जुन्या गाण्यांचे शौकीन असे चार गृहस्थ एके ठिकाणीं बसले, कीं चहाचा दुसरा पेला येण्याच्या आंत एक प्रश्न हटकून निघतो : ग्रामोफोनच्या जमान्यांतील सर्वांत उत्तम ध्वनिमुद्रिका कोणती ? कोणी बालगंधर्वांचें नांव घेतो, कोणी अब्दुल करीमखाँसाहेबांचें, कोणी केसरबाईंचें. एखादा भावगीतांचा भक्त जी. एन्. जोशी किंवा गजानन वाटवे यांच्यासाठीं बाह्या सरसावतो. कोल्हापुरांत हा वाद जरा अधिकच रंगतो. कारण या करवीर नगरीनें गाणें नुसतें ऐकलें नाहीं, तें पोसलें. प्रत्येक पक्षाचें म्हणणें खरें वाटतें, आणि म्हणूनच वाद मिटत नाहीं. आजच्या भाषणांत त्या जमान्याचा इतिहास थोडक्यांत सांगून, या वादाचा निकाल कोणत्या कसोट्यांवर लावावा आणि माझ्या मतें तो कोणाच्या बाजूनें लागतो, हें आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

प्रथम ध्वनिमुद्रिका ही वस्तु काय होती, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. १९०२ सालच्या एप्रिल महिन्यांत ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायस्बर्ग नांवाच्या ध्वनिमुद्रकानें इटलींतील मिलान शहरीं एन्रिको कारूझोचें गाणें मुद्रित केलें, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास येऊन त्यानें गोहरजानचें गाणें मुद्रित केलें. म्हणजे या नव्या विद्येंत आपण युरोपच्या फार मागें नव्हतों. त्या वेळीं मायक्रोफोन नव्हता. गायकानें एका मोठ्या कर्ण्यासमोर अगदीं जवळ उभें राहून गावें, आवाजाच्या धक्क्यानें पडदा थरथरावा, पडद्याला जोडलेल्या सुईनें फिरत्या मेणाच्या चकतीवर रेघ कोरावी, त्या मेणावरून धातूचा सांचा काढावा आणि सांच्यांतून लाखेच्या तबकड्या छापाव्या, अशी ती रीत होती. मेणावर उमटलेली चूक पुसतां येत नसे. सूर ढळला तर नवी चकती घ्यावयाची. प्रारंभीं आपल्याकडील गाण्यांच्या तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें छापून येत; १९०८ सालीं कलकत्त्यास सियालदह येथें छपाईचा कारखाना निघाला. मौज अशी, कीं या तबकड्यांस लागणारी लाख मात्र बहुतांशीं हिंदुस्थानांतूनच परदेशीं जात असे. आपलीच लाख आणि आपलेंच गाणें समुद्रपार जाऊन पुन्हा आपल्याच बाजारांत विकावयास येई.

मिनिटास सुमारें ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटें, फार तर त्याहून थोडा अधिक वेळ मावत असे. बारा इंची तबकडीवर साडेचार मिनिटांच्या आसपास. ज्या गवयाला तंबोरे जुळवून आवाज लावण्यासच पाऊण घटका लागावी, त्याला यंत्रवाला म्हणे, “सुरू करा, आणि तीन मिनिटांत संपवा.” कित्येकांनीं हें आव्हान स्वीकारलें. कित्येकांनीं गाणें घाईघाईनें उरकलें, आणि तें उरकल्याची खूण त्या तबकडीवर कायमची राहिली. १९२५ सालीं पाश्चात्य देशांत विद्युत् ध्वनिमुद्रण सुरू झालें आणि तें लवकरच इकडेही आलें. कर्णा गेला, मायक्रोफोन आला. हळू आवाजाचें, कुजबुजीचें, श्वासाचेंही मुद्रण होऊं लागलें. तीन मिनिटांचें माप मात्र तेंच राहिलें.

आतां कोल्हापूरकडे वळूं. येथें या वादाची पहिली अडचण उभी राहते, आणि ती लहान नाहीं. जयपूर-अत्रौली गायकीचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब यांचा जन्म १८५५ चा. १८९५ सालीं ते शाहू महाराजांच्या पदरीं आले, आणि १९२२ सालच्या मे महिन्यांत महाराज निवर्तले तोंपर्यंत ते करवीर दरबारचे गायक होते. पुढें मुंबईस राहून १९४६ च्या मार्चमध्यें ते पैगंबरवासी झाले. म्हणजे ध्वनिमुद्रणाचें यंत्र आणि खाँसाहेब हे पुरीं चव्वेचाळीस वर्षें एकाच देशांत नांदत होते. असें असून त्यांच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका नाहीं. त्यांची गायकी पेंचदार, लांब दमाची, एका आवर्तनाचा धागा दुसऱ्यांत गुंफीत जाणारी. ती तीन मिनिटांच्या चौकटींत बसविणें म्हणजे पंचगंगेचा पूर घागरींत भरणें. कारण कांहींही असो, परिणाम एकच : ज्या गायकाला कोल्हापूर आपला सर्वांत मोठा गायक मानतें, तो या स्पर्धेंत उतरलाच नाहीं.

दुसरी अडचण केशवराव भोसले यांची. केशवराव कोल्हापूरचे; जन्म १८९० चा. १९०८ सालीं त्यांनीं हुबळीस ललितकलादर्श मंडळी स्थापिली. ८ जुलै १९२१ रोजीं टिळक स्वराज्य फंडासाठीं मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहांत ‘मानापमान’ नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला. धैर्यधर केशवराव आणि भामिनी बालगंधर्व ! त्या रात्रीं सरशी कोणाची झाली हा वाद महाराष्ट्रानें पुढें कित्येक वर्षें घातला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत, अवघ्या एकतीस वर्षांच्या वयांत, केशवराव गेले. विद्युत् ध्वनिमुद्रण येण्यास अद्याप चार वर्षें होतीं. त्या उंच, तडफदार आवाजाचा जो कांहीं अंश तबकडीवर उतरूं शकला असता, तो कर्ण्यांतून गाळूनच उतरला असता. उलट बालगंधर्व १९६७ पर्यंत जगले. त्यांच्या पुष्कळ मुद्रिका निघाल्या, आणि त्यांतील कांहीं मायक्रोफोनच्या काळांतील आहेत. आज एखादा तरुण दोघांची तुलना करूं म्हणेल, तर ती दोन गायकांची तुलना होणार नाहीं. दोन यंत्रांची आणि दोन आयुर्मर्यादांची होईल.

या दोन उदाहरणांवरून एक गोष्ट उघड होते. आपण म्हणतों “सर्वोत्तम ध्वनिमुद्रिका कोणती ?” आणि मनांत मात्र उत्तर देत असतों “सर्वोत्तम गायक कोण ?” या प्रश्नाचें. हे दोन प्रश्न भिन्न आहेत. मोठ्या गायकाची मुद्रिका सामान्य असूं शकते. मध्यम प्रतीच्या गायकाची एखादी मुद्रिका अजोड उतरूं शकते. आणि अल्लादियाखाँसाहेबांसारख्याची मुद्रिका मुळीं नसूंही शकते. पहिल्या प्रश्नाचें उत्तर हवें असेल, तर तबकडीकडे तबकडी म्हणूनच पाहिलें पाहिजे. त्यासाठीं मी तीन कसोट्या सुचवितों.

पहिली कसोटी परक्याची. ज्यानें त्या गायकाला कधीं पाहिलें नाहीं, ज्याला त्याचें नांवही ठाऊक नाहीं, अशा माणसाचें मन ती मुद्रिका ओढून घेते काय ? दुसरी कसोटी मापाची. तीं तीन मिनिटें पुरीं वाटतात, कीं मोठ्या वस्त्राचा फाडलेला तुकडा हातीं आल्यासारखें वाटतें ? तिसरी कसोटी संततीची. त्या मुद्रिकेनंतर संगीतांत कांहीं नवें उपजलें काय, कीं ती वाजली आणि विरून गेली ?

या कसोट्यांवर प्रथम बालगंधर्वांचीं नाट्यपदें लावून पाहूं. १९११ सालच्या ‘मानापमाना’स चाली दिल्या गोविंदराव टेंबे यांनीं, ते तर आपल्या कोल्हापूरचेच. १९१६ सालच्या ‘स्वयंवरा’स भास्करबुवा बखले यांनीं रागदारीचा साज चढविला. तिसऱ्या कसोटीस हीं पदें पूर्ण उतरतात. जेथें नाटक मंडळीची बैलगाडी कधीं पोंचली नाहीं, अशा खेड्यांतील वाड्यांतूनही तबकडीच्या द्वारें हीं पदें गेलीं, आणि राग कशाशीं खातात हें ठाऊक नसलेलीं मुलें तीं गुणगुणूं लागलीं. दुसऱ्या कसोटीवर मात्र अर्धेंच यश. रंगभूमीवर ‘वन्समोअर’ घेत घेत जें पद अर्धा अर्धा तास फुलावयाचें, त्याचा तबकडीवर फक्त नकाशा येतो. गांव येत नाहीं. आणि पहिल्या कसोटीवर ? ज्यानें भामिनी डोळ्यांनीं पाहिली होती, त्याला तबकडी ऐकतांना शालूची सळसळही ऐकूं येत असे. ज्यानें ती पाहिली नाहीं, त्याला केवळ आवाज मिळतो. तो आवाजही अलौकिक आहे, यांत शंका नाहीं; परंतु पाहिलेल्याचें आणि न पाहिलेल्याचें दान सारखें नाहीं.

दुसरा पक्ष भावगीतांचा. या पक्षाला शास्त्रीय गाण्याचे अभिमानी नाक मुरडतात, आणि तो त्यांचा अन्याय आहे. १९३२ च्या सुमारास जी. एन्. जोशी यांनीं ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गाऊन तबकडीवर आणली. तोंपर्यंत मराठी तबकडीवर येई तें बहुतेक दुसरीकडून उसनें आणलेलें असे : नाटकांतील पद, मैफलींतील ख्याल, कीर्तनांतील अभंग, तमाशांतील लावणी. या प्रत्येकाचें खरें घर निराळें होतें. तबकडी हें त्याचें बिऱ्हाड. भावगीताचें घरच तबकडी. चार कडवीं, एक भाव, मोजके सूर, आणि तीन मिनिटांत सुरुवात, मध्य व शेवट. मापाची कसोटी भावगीताइतकी दुसऱ्या कोणीं उत्तीर्ण केली नाहीं. संततीची कसोटीही तशीच : जोशी, जे. एल्. रानडे, वाटवे यांच्यामागून पुढें सुधीर फडके आले. फडक्यांचा जन्म १९१९ सालीं कोल्हापुरांतच झाला. मराठी माणसाच्या घरांतील गाणें पुढील पन्नास वर्षें कसें असावें, हें या लहानशा तबकडीनें ठरविलें.

येथें बाहेरच्या जगाकडे क्षणभर दृष्टि टाकावी. १९४९ सालीं अमेरिकेंत ४५ फेऱ्यांची लहान तबकडी निघाली, आणि पुढें रॉक व पॉप संगीताचा सगळा बाजार त्या तबकडीवर उभा राहिला. एल्व्हिस प्रेस्ली, बीटल्स या मंडळींचीं गाणीं बहुधा दोन-तीन मिनिटांचींच. मेणाची चकती जाऊन कितीतरी वर्षें लोटलीं होतीं; तरी तिनें घालून दिलेलें माप लोकांच्या कानांत इतकें मुरलें होतें, कीं लोकप्रिय गाणें म्हणजे तीन मिनिटांचें गाणें, हा जणूं निसर्गाचाच नियम झाला. तिकडील रसिकही आज त्या तबकड्यांत श्रेष्ठ कोणती यावर आपल्याइतक्याच हिरीरीनें भांडतात. वादाचा विषय निराळा असला, तरी मूळ तेंच : यंत्राच्या अडचणींतून एक कलाप्रकार जन्मास आला.

तर मग भावगीताला पहिला मान द्यावा काय ? मी देत नाहीं, आणि त्याचें कारण पहिली कसोटी. भावगीताचें अर्धें बळ शब्दांत असतें. मराठी न जाणणाऱ्या परक्याला तें अर्धेंच पोंचतें. तिन्ही कसोट्यांस पूर्ण उतरणारी मुद्रिका माझ्या मतें एकच आहे : मिरजेचे अब्दुल करीमखाँसाहेब यांची झिंजोटींतील ठुमरी.

खाँसाहेबांनीं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतच कर्ण्यासमोर गाऊन पाहिलें होतें. ही ठुमरी मात्र त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या दशकांतील आहे. १९३७ सालीं दक्षिणेंत प्रवास करीत असतां ते निवर्तले. आवाज बारीक, किंचित् नाकांतला, दिखाऊपणा मुळींच नसलेला. पण सुराला असा चिकटलेला, कीं सूर कोठें संपला आणि शांतता कोठें सुरू झाली हें कळूं नये. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स यांनीं श्रुतींचा अभ्यास केला, तेव्हां खाँसाहेबांच्या गळ्याचें त्यांना साह्य झालें होतें. त्या गळ्याची सूक्ष्मता येथें प्रत्यक्ष ऐकावयास मिळते. या मुद्रिकेंत घाई नाहीं. तीन मिनिटांत जेवढें सांगतां येईल तेवढेंच खाँसाहेब सांगतात, आणि तें सांगून झाल्यावर थांबतात. ही ठुमरी कापून लहान केलेली नाहीं. ती तेवढीच आहे.

आणि संतति ? गदगचा एक शाळकरी मुलगा दुकानांत वाजत असलेली ही तबकडी ऐकून वेडावला, आणि असें गाणें आपल्याला आलें पाहिजे या ध्यासानें, १९३३ सालीं, अकरा वर्षांचा असतांना, घर सोडून गुरूच्या शोधार्थ निघाला. तो मुलगा म्हणजे पुढें भारतरत्न झालेले भीमसेन जोशी. त्यांनीं ही हकीकत स्वतः अनेकदां सांगितली आहे. त्या मुलाची मातृभाषा कानडी होती, ठुमरी हिंदुस्थानी होती, आणि गाणारा त्यानें पाहिलेलाही नव्हता. परक्याच्या कसोटीचें याहून मोठें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

यावर एखादे कोल्हापूरकर म्हणतील, “अहो, शेवटीं मान मिरजेस दिलात ना !” त्यांना उत्तर असें, कीं संस्थानांच्या सीमा सुरांना नसतात. केसरबाई केरकर या लहानपणीं कांहीं महिने कोल्हापुरांत राहून याच अब्दुल करीमखाँसाहेबांजवळ शिकल्या. आणि पुढें १९२१ पासून त्यांना अल्लादियाखाँसाहेबांची तालीम मिळाली. ज्या खाँसाहेबांनीं स्वतःचा आवाज तबकडीस दिला नाहीं, त्यांच्या विद्येची छाया आपल्याला केसरबाईंच्या मुद्रिकांतून दिसते.

आणि येथेंच माझ्या निकालावर दुसरा एक निकाल उभा आहे, तो सांगितल्यावांचून प्रामाणिकपणें पुढें जातां येत नाहीं. १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें आकाशांत सोडलीं. प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी बसविलेली आहे, आणि तिच्यावर साऱ्या पृथ्वीवरील संगीताचे सत्तावीस नमुने आहेत. हिंदुस्थानाच्या वतीनें त्यांत एकच गाणें आहे : केसरबाईंची भैरवी, साडेतीन मिनिटांची. रॉबर्ट ब्राऊन या संगीतशास्त्रज्ञानें ती सुचविली. तिची प्रत मिळेना. अखेरीस न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानांत, टेबलाखालच्या धुळकट खोक्यांत ती सांपडली. पहिलें यान २० ऑगस्ट रोजीं व दुसरें ५ सप्टेंबर रोजीं निघालें. १६ सप्टेंबर रोजीं केसरबाई वारल्या. परक्याची कसोटी यापेक्षां कडक कोणीं लावली असेल ? ज्यांचे कान कसे आहेत, किंबहुना कान आहेत कीं नाहींत, हेंही आपल्याला माहीत नाहीं, अशा परक्यासाठीं ही निवड झाली. या पंचांनीं भैरवी निवडली, मी झिंजोटी निवडतों. संततीच्या कसोटीवर माझें पारडें अद्याप जड आहे असें मला वाटतें. पण ज्याला तें मान्य नसेल त्यानें भैरवी ऐकून खुशाल माझ्याशीं भांडावें. त्या भांडणांत हरण्याचें दुःख होणार नाहीं.

श्रोतेहो, हा वाद केवळ करमणुकीचा असता तर त्यावर एवढा वेळ घेतला नसता. त्या दुकानांतील खोक्याची गोष्ट पुन्हा आठवा. जी मुद्रिका सूर्यमालेच्या पार जावयाची होती, ती टेबलाखालीं धूळ खात पडली होती. तें खोकें आदल्या आठवड्यांत कोणीं रद्दींत टाकलें असतें तर ? आपण ज्या मुद्रिकेला उत्तम म्हणतों ती पुनः पुनः छापली जाते, नव्या यंत्रांवर उतरविली जाते, तरते. जिच्याविषयीं कोणी बोलत नाहीं ती माळ्यावर राहते आणि एक दिवस फुटते. लाखेची तबकडी हातांतून सुटली कीं कांचेसारखी तुकडे होते. म्हणून “उत्तम कोणती” या प्रश्नाच्या उत्तरावर, उद्यां काय शिल्लक राहणार हें बव्हंशीं अवलंबून आहे.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं कोल्हापुरांतील केशवराव भोसले नाट्यगृह आगींत जळालें. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. साऱ्या शहराला हळहळ वाटली, आणि तें योग्यच झालें. परंतु वास्तु जळाली तर ती पुन्हा उभारतां येते. नकाशे असतात, छायाचित्रें असतात, गवंडी असतात. आवाज एकदां गेला कीं त्याची पायाभरणी पुन्हा करतां येत नाहीं. अल्लादियाखाँसाहेबांच्या बाबतींत आपण हें भोगीत आहों.

तेव्हां ज्यांच्या घरीं अशा जुन्या तबकड्या असतील, त्यांना विनंति एवढीच : त्या एकावर एक रचूं नका, पुस्तकांप्रमाणें उभ्या ठेवा, ऊन आणि ओल यांपासून जपा, मधल्या कागदावरील गायकाचें नांव व क्रमांक वहींत टिपून ठेवा, आणि वहींतील नांव अपरिचित आहे म्हणून तबकडी टाकून देऊं नका. १९९० सालीं मुंबईंत जुन्या मुद्रिकांच्या संग्राहकांनीं आपली संस्था स्थापिली. अशा जाणकारांना दाखविल्यावांचून एकही तबकडी भंगारवाल्यास देऊं नये. आमच्यासारख्यांनीं आज जो निकाल दिला तो उद्यांचे कान कदाचित् फिरवितील. तो फिरविण्यास त्यांना ऐकावयास कांहीं शिल्लक असलें पाहिजे.